बेवड : एका शब्दामागचा नत्राचा हिशेब

ज्या रानात आधी तूर, हरभरा किंवा भुईमूग होऊन गेला आहे, त्या रानात पुढचे पीक जोरात येते. याला आमच्याकडे ‘बेवड’ म्हणतात. हरभऱ्याचा बेवड, तुरीचा बेवड. बटईने रान घेणारा माणूस पहिला प्रश्न विचारी तो पाण्याचा आणि दुसरा बेवडाचा. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, ते बेवडाला पुण्याई म्हणत. “तुरीचं रान आहे, बेवड चांगला आहे, खताची घाई करू नकोस,” हे वाक्य मी लहानपणी कितीदा ऐकले असेल, त्याची गणती नाही.

मी शास्त्र शाळेत बारावीपर्यंतच शिकलो. पुढे जवळजवळ तीस वर्षे खतविक्रीच्या गोण्यांचे हिशेब लिहिले. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला पुण्याई या शब्दाने समाधान होत नाही. जमा झाली असेल तर किती झाली, कोणाच्या नावे झाली आणि कोठून आली, असे प्रश्न पडतात. त्या प्रश्नांच्या मागे लागून मी जी पुस्तके जमवली आणि वाचली, त्यातून जीवशास्त्राचे दोन धडे मला नव्याने कळले. एक, जीवन कोणत्या रसायनांचे बनले आहे. दुसरा, ती रसायने एका जिवाकडून दुसऱ्याकडे कशी जातात. शाळेत हे धडे वेगवेगळ्या प्रकरणांत होते. बेवड या एका शब्दात ते एकत्र आहेत.

दिवाळीच्या ताटातल्या बेसनाच्या लाडवापासून सुरुवात करू. लाडवात तूप आहे, साखर आहे आणि बेसन आहे. तूप आणि साखर ही दोन्ही कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या तीनच मूलद्रव्यांची बनलेली. ही तिन्ही झाडाला हवेतून आणि पाण्यातून मिळतात, त्यासाठी उन्हाशिवाय कोणाची मिनतवारी करावी लागत नाही. बेसनात मात्र शंभर ग्रॅममागे वीस-बावीस ग्रॅम प्रथिने असतात आणि प्रथिन म्हटले की चौथे मूलद्रव्य आले, नायट्रोजन. मराठीत आपण त्याला नत्र म्हणतो. प्रथिने अमिनो आम्लांच्या साखळ्यांची बनतात आणि प्रत्येक अमिनो आम्लात नत्राचा निदान एक अणू असतो. प्रथिनाच्या वजनात साधारण सोळा टक्के नत्र. एका लाडवात वीस ग्रॅम बेसन धरले, तर नत्र सुमारे ०.६ ग्रॅम. आपले स्नायू, रक्तातले हिमोग्लोबिन, पचन घडवून आणणारी विकरे, पेशीत आनुवंशिकता वाहणारे डीएनए, या सगळ्यांत नत्र लागतेच. साठ किलोच्या माणसाच्या अंगात ते पावणेदोन किलोच्या आसपास असते. यातला एकही अणू शरीर स्वतः तयार करत नाही. तो दुसऱ्या कोणत्या तरी जिवाकडून घ्यावा लागतो.

आता गंमत अशी की नत्राचा तुटवडा पडावा असे वरकरणी काहीच कारण नाही. हवेचा ७८ टक्के भाग नत्र आहे. हवेच्या दाबावरून हिशेब केला, तर एका एकरावर उभ्या असलेल्या हवेच्या स्तंभात सुमारे ३१ हजार टन नत्र भरते. ज्वारीच्या पिकाला एकरी लागते ते काही किलो. तरीही त्याच हवेत डुलणारी ज्वारी नत्रावाचून पिवळी पडते.

याचे कारण रेणूच्या बांधणीत आहे. हवेतला नत्र एकेकटा नसतो, दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना धरून असतात. रसायनशास्त्रात दोन अणूंमधले जे अत्यंत बळकट बंध माहीत आहेत, त्यांपैकी हा एक. झाडाला, जनावराला, माणसाला तो तोडता येत नाही. आपण प्रत्येक श्वासात नत्र आत घेतो आणि जसाच्या तसा बाहेर सोडतो. म्हणजे नत्र भरपूर आहे, पण कुलूपबंद आहे. जिवांना कमी पडतो तो कुलूप उघडलेला नत्र, म्हणजे अमोनिया किंवा नायट्रेटच्या रूपातला.

एकदा उघडलेल्या नत्राची ओढ मात्र पुन्हा जोडी जमवण्याकडे असते. दिवाळीतला भुईनळा त्याचीच साक्ष देतो. त्याच्या दारूत शोरा, गंधक आणि कोळसा असतो. शोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. पेटल्यावर शोऱ्यातला ऑक्सिजन कोळशाला आणि गंधकाला मिळतो आणि सुटे झालेले नत्राचे अणू पुन्हा तिहेरी बंधाने जोडले जाऊन वायुरूपात उडून जातात. ताटातला लाडू आणि अंगणातला भुईनळा या दोघांची गरज एकच आहे, उघडलेला नत्र.

शोरा पूर्वी मातीतूनच येई. जुन्या मातीच्या भिंतींना पांढरा लोणा लागतो, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. माणसांच्या आणि गुरांच्या मलमूत्रातला नत्र मातीतले जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात आणि ते ओल सुकताना पृष्ठभागावर येते. बिहारमध्ये नोनिया समाजाचे लोक अशी माती खरवडून, धुऊन, आटवून शोरा काढत. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने तोच शोरा जहाजे भरभरून नेला आणि त्यावर युरोपातल्या तोफा चालल्या. आपल्याकडे गावठाणाला पांढरी आणि शेताला काळी म्हणतात. ओसाड पडलेल्या पांढरीची माती गाड्या भरून शेतात टाकण्याची चाल महाराष्ट्रात होती. जुनी टेकाडे त्यापायी उकरली गेली म्हणून पुरातत्त्वाचे अभ्यासक हळहळतात, ते योग्यच आहे. पण शेतकऱ्याचा अनुभवही खोटा नव्हता. पिढ्यान् पिढ्या माणसे जिथे राहिली, तिथे उघडलेला नत्र साठलेला होता.

तूर-हरभऱ्याचे गणित मात्र यात बसत नव्हते. ही पिके मातीतून नत्र घेऊनही ती गरीब करत नाहीत, हे शेतकऱ्यांना दोन हजार वर्षांपासून ठाऊक होते. रोमन लेखकांनीही ते नोंदवून ठेवले आहे. कारण मात्र ठाऊक नव्हते. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी पग या सहकाऱ्याबरोबर १८५७ पासून प्रयोग केले. बाहेरचा नत्र मिसळून हिशेब चुकू नये म्हणून त्यांनी माती कडक भाजून घेतली. त्या मातीत शेंगावर्गीय रोपांनीही हवेतून नत्र घेतला नाही. निष्कर्ष निघाला की वनस्पतींना ते जमत नाही. प्रयोग अत्यंत काळजीपूर्वक केलेला होता आणि त्या काळजीतच उत्तर जळून गेले.

ते सापडले १८८६ मध्ये, जर्मनीत. हेरमान हेलरीगेल आणि त्यांचे सहकारी विलफार्थ यांनी वाळूच्या कुंड्यांत ओट आणि बार्ली लावली. जितका नत्र द्यावा, तितके पीक येई. त्यात नियम होता. वाटाणा मात्र नियमात बसेना. नत्र न देताही काही कुंड्यांतला वाटाणा जोमाने वाढे आणि काहींतला उपाशी मरे. वाळू निर्जंतुक केली की सगळाच उपाशी राही आणि त्यात शेतातल्या मातीचे थोडे पाणी घातले की तरारून उठे. म्हणजे काम वाटाणा एकटा करत नव्हता, मातीतले कोणी तरी करत होते. मुळांवरच्या गाठींमधून तो जिवाणू १८८८ मध्ये हॉलंडच्या मार्टिनस बाइयरिंक यांनी वेगळा काढला. आज आपण त्या गटाला रायझोबियम म्हणतो आणि त्याची पाकिटे कृषी केंद्रात मिळतात.

फुलावर आलेले भुईमुगाचे किंवा हरभऱ्याचे रोप मुळासकट हलक्या हाताने उपटावे आणि मुळावरची एखादी गाठ ब्लेडने कापावी. गाठ जिवंत आणि कामावर असेल, तर आतून गुलाबी-लाल दिसते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी दचकलो होतो. तो रंग ज्या द्रव्याचा, त्याचे नाव लेगहिमोग्लोबिन. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे ते नातलग, मध्यभागी लोहाचा अणू घेऊन बसलेले. झाडाला रक्ताच्या या नातलगाची गरज का पडावी? नत्राचे कुलूप उघडणारे जिवाणूंचे विकर, नायट्रोजनेज, ऑक्सिजन लागताच निकामी होते. पण जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन तर हवा. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवते आणि मोजून मोजून पोचवते. विकर वाचते आणि जिवाणूही जगतो.

हे काम फुकट होत नाही. पेशी आपली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूंच्या रूपात खर्च करते. नत्राचा एक रेणू उघडायला असे किमान सोळा रेणू खर्ची पडतात. हा खर्च झाड उन्हात तयार केलेल्या साखरेतून भागवते. म्हणून झाड हिशेबीही असते. मातीत नायट्रेट आयते मिळत असेल, तर ते नवीन गाठी कमी करते आणि असलेल्या गाठींचे काम मंदावते. हरभऱ्याला उगाच युरिया टाकला तर त्याच्या गाठी आळसावतात, ते यामुळेच. माझ्या दृष्टीने या सगळ्या गोष्टीतला कळीचा मुद्दा हा आहे. इथे कुलूप उघडणाऱ्यालाच किंमत मोजावी लागते, म्हणून तो गरजेपुरतेच उघडतो.

बेवडाची जमा-नोंद आता करता येते. तुरीची पाने पिकून शेतातच गळतात, मुळे आणि गाठी जमिनीत राहून कुजतात आणि त्यातला नत्र पुढच्या पिकाला हळूहळू मिळतो. जे दाण्यात गेले, ते मात्र रानाबाहेर गेले. सोयाबीनही शेंगावर्गीयच आहे, पण त्याच्या दाण्यात चाळीस टक्क्यांच्या घरात प्रथिने असतात आणि तो सगळा नत्र पोत्यांत भरून बाजाराला जातो. सोयाबीनचा बेवड तुरीसारखा नाही, असे जुने लोक म्हणतात त्याचे एक कारण हे असावे.

पुढचा प्रवास मातीतला आहे. पालापाचोळा, शेण, मेलेले किडे कुजले की अमोनियम तयार होते. त्याच्यावर धन विद्युतभार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण, त्यामुळे माती त्याला धरून ठेवते. मग जिवाणूंचा दुसरा एक गट अमोनियमचे नायट्रेट करतो. हे जिवाणू सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास शोधले. नायट्रेटवरचा भार ऋण असल्याने माती त्याला धरत नाही. पीक घेईल तितके घेते, उरलेले पाण्याबरोबर खाली उतरते. पाणी साचून जिथे हवा संपते, तिथे तिसऱ्या गटाचे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्राच्या जोड्या हवेत परत सोडतात. शाळेच्या पुस्तकात याला नत्रचक्र म्हणून बाणांचे वर्तुळ काढलेले असते. त्या वर्तुळात एक गोष्ट दिसत नाही. प्रत्येक बाणाला स्वतःचा वेग असतो आणि कुलूप उघडण्याचा वेग वाढला म्हणून बंद करण्याचा वेग आपोआप वाढत नाही.

तो वेग माणसाने वाढवला. १९०९ च्या जुलैत जर्मनीतल्या कार्ल्सरूह येथे फ्रिट्झ हाबर यांनी हवेतला नत्र आणि हायड्रोजन प्रचंड दाबाखाली, तापलेल्या उत्प्रेरकावरून नेऊन अमोनियाचे थेंब मिळवून दाखवले. कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना उभारला आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. त्याच अमोनियापासून पहिल्या महायुद्धात जर्मनीची स्फोटके बनली. त्याच ओपाऊच्या कारखान्यात २१ सप्टेंबर १९२१ रोजी खताचा ढीग फुटला आणि पाचशेहून अधिक माणसे मेली. लाडू आणि भुईनळा यांचे नाते इतक्या जवळचे आहे. भारतात सिंद्रीचा कारखाना १९५१ मध्ये आणि मुंबईजवळचा तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा, १९६५ मध्ये सुरू झाला. आज जगातल्या सुमारे निम्म्या लोकांचे अन्न कारखान्यात उघडलेल्या नत्रावर पिकते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. युरियाला शिव्या देणे सोपे आहे, पण ही निम्मी माणसे कोण ते आधी सांगावे लागेल. १९७२ च्या दुष्काळातली मिलो ज्वारी खाल्लेल्या माझ्या आईला तशा शिव्या कधी आवडल्या नाहीत.

माझ्या जुन्या वह्यांतून मी एक साधा हिशेब केला. युरियात ४६ टक्के नत्र असतो. पंचेचाळीस किलोच्या गोणीत तो २०.७ किलो भरतो. एकरी दोन गोण्या टाकल्या तर ४१ किलो. एकरी दहा क्विंटल ज्वारी झाली, तर दहा टक्के प्रथिनाच्या हिशेबाने दाण्यात १६ किलो नत्र जातो. कडब्यात आणखी काही किलो. बाकीचा नत्र मातीत मुरला म्हणावा, तर जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढायला हवा होता, तो वाढलेला नाही. आपल्या चुनखडीच्या, अल्कधर्मी काळ्या रानात युरिया वरून फोकला की त्याचा अमोनिया होऊन काही भाग थेट हवेत जातो. काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन जातो, जो किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेहून अधिक पट उष्णता रोखतो. आणि काही भाग नायट्रेट होऊन खाली पाण्याला मिळतो. २०१५ पासून युरियाला निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे झाले, ते अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग कमी करण्यासाठीच. अनुदानामुळे एक गोणी २६६ रुपये ५० पैशांना पडते. तुरीला कुलूप उघडायला साखर मोजावी लागते. आम्हाला फार मोजावे लागत नाही, म्हणून आम्ही मोजून टाकत नाही.

हा हिशेब कागदावरच राहिला असता. पण काही वर्षांपूर्वी माझी भाची बाळंतपणाला आमच्याकडे आली. तिला दूध कमी होते, म्हणून बाळाला पावडरचे दूध चालू केले. माझी बहीण स्वच्छतेची पक्की. विहिरीचे पाणी गाळून, वीस-वीस मिनिटे उकळून, निववून, त्यात ती दूध कालवी. मी त्याच सुमारास नायट्रेटवर वाचत होतो. नायट्रेटचे आतड्यात नायट्राइट होते, ते हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप बदलते आणि असे हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहू शकत नाही. मोठ्या माणसाच्या रक्तात हा बदल उलटवणारे विकर पुरेसे असते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ते कमी असते. बाळ निळसर पडते आणि वेळेत कळले नाही तर दगावते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट वाफ निघून गेल्यावर राहिलेल्या पाण्यात ते अधिक दाट होते.

मी बाटली भरून पाणी तपासायला नेले. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. आमच्या विहिरीचा आकडा जवळजवळ दुप्पट आला. त्यात दोष एकट्या युरियाचा नव्हता. विहिरीच्या वरच्या अंगाला आमचाच गोठा होता, उकिरडा होता आणि नव्याने खोदलेला संडासाचा शोषखड्डाही होता. बहिणीला सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अरे, मी तर उकळून देत होते रे.” बाळाला काही झाले नव्हते. त्या दिवसापासून त्याच्या दुधाला गावच्या शुद्धीकरण केंद्रातले, क्षार काढलेले पाणी आणू लागलो. उलट्या परासरणाच्या यंत्राने नायट्रेट बरेच निघते.

ज्यांच्या घरी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी आहे आणि तान्हे मूल वरच्या दुधावर आहे, त्यांनी ही तपासणी करून घ्यावी. या लेखातून कोणी एवढे जरी नेले तरी माझे काम झाले.

आबांना मी हा सगळा हिशेब त्यांच्या शेवटच्या वर्षात वाचून दाखवला होता. गाठीतले लाल द्रव्य आणि बाळाच्या रक्तातले द्रव्य एकाच घराण्यातले आहे, हे त्यांना फार आवडले. सोळा एटीपीचे त्यांना काही वाटले नाही. “म्हणजे तूर कमावून ठेवते आणि आपण उसनं आणून उधळतो,” असे म्हणून त्यांनी विचारले, “मग आता दोन गोण्या टाकणार का एक?”

आता ज्वारीच्या दर आठ ओळींनंतर दोन ओळी तुरीच्या पेरतो. युरिया एकरी एकच गोणी, तोही दोन हप्त्यांत, ओल असताना मातीआड करून. उकिरडा विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला हलवला. दर वर्षी दिवाळीनंतर विहिरीचे पाणी तपासून घेतो. आकडा खाली येतो आहे, पण ४५ च्या आत अजून आलेला नाही. जमिनीखालच्या पाण्याचा वेग फार सावकाश असतो. आज विहिरीत जे नायट्रेट येते आहे, त्यातले बरेचसे मी वह्या लिहीत होतो त्या वर्षांतले असावे. तोही एक प्रकारचा बेवडच आहे, आमच्या पिढीने मागे ठेवलेला.